विंचेस्टर मॉडेल १२ : दस्ता बसला, फोरएंड अजून शोधतोय

माझी मॉडेल १२ ही छर्र्याची पंप बंदूक, म्हणजे पुढचं लाकूड मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची. १६ बोअरची (बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी अरुंद), दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. इथे पेनसिल्व्हेनियातच मिळाली. ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) हातांनी घासून घासून फिकं पडलंय, पण पंप मारला की असा सरकतो की आजच्या नव्या बंदुकींना जमत नाही. लाकूड मात्र गेलेलं होतं. दस्त्याला (खांद्याला लावायचं मागचं लाकूड) रिसीव्हरच्या (यंत्रणा असलेल्या धातूच्या पेटीच्या) लगेच मागे चीर, आणि फोरएंड (पंप मारताना धरायचं पुढचं लाकूड) लांबीभर फुटून चिकटपट्टीने बांधलेला.

मॉडेल १२ बाजारात आलं १९१२ साली. रचना टी. सी. जॉन्सन यांची. १९६४ मध्ये नेहमीचं उत्पादन थांबलं तोवर जवळजवळ २० लाख बंदुका बनल्या होत्या. म्हणजे सुटं लाकूड ढिगाने पडलेलं असणार असं वाटतं, आणि ते आहेही, पण बहुतेक १२ बोअरचं. १२ बोअरचा रिसीव्हर मोठा असतो, त्याचा दस्ता १६ ला चालत नाही. १६ आणि २० मात्र एकाच लहान फ्रेमवर, म्हणजे एकाच मापाच्या रिसीव्हरवर बनत. हे डोक्यात ठेवून २० बोअरचेही दस्ते बघायला लागलो, तेव्हा कुठे शोधाला वाट फुटली.

नवा दस्ता मागवता आला असता. मिझुरीतल्या लिंकन गावची वेनिग कंपनी अशा बंदुकांचे अर्धवट कोरलेले दस्ते करते, घरी बसवून घासून घ्यायचे. ज्याला नेमबाजीसाठी स्वतःच्या मापाचा दस्ता हवा त्याने तोच घ्यावा. पण साध्या फील्ड ग्रेडच्या बंदुकीवर त्याच काळातलं, त्याच कारखान्यातलं लाकूड असावं असं मला मनापासून वाटतं. जुन्या काळ्या अक्रोडाचा तो जांभळट तपकिरी रंग नव्या लाकडावर डाय लावून येत नाही. (आपण काश्मिरी अक्रोडाच्या पेट्या पाहिलेल्या असतात, तो वेगळा वृक्ष, त्याचा रंग मधाळ आणि शिरा काळ्या.)

जुना दस्ता घेताना विक्रेते बाजूने काढलेला चकचकीत फोटो पाठवतात. त्यावरून काहीही ठरवू नका. दोन्ही टोकांचे फोटो मागा. रिसीव्हरकडच्या टोकाला केसासारखी चीर आहे का आणि लाकूड तेलाने काळं पडलंय का ते बघा. बटप्लेटकडच्या (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीकडच्या) टोकाला दस्ता आधी कुणी कापून आखूड केलाय का ते कळतं. आणि कुणी पॉलिशपेपर जास्त चालवला असेल तर लाकूड धातूच्या पातळीखाली गेलेलं असतं. त्यावर उपाय नाही. लाकूड धातूपेक्षा किंचित उंच असलेलं केव्हाही चांगलं.

मला मिळालेला दस्ता २० बोअरच्या बंदुकीचा, बटप्लेटसकट. टोक तेलाने भिजलेलं होतं. वर्षानुवर्षं बंदूक नळी वर करून उभी ठेवली की रिसीव्हरमधलं तेल झिरपत दस्त्यात उतरतं आणि तिथलं लाकूड मऊ होतं. खडूची बारीक भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप दिला. वाळताना तो तेल ओढून पिवळा पडतो. झटकायचा, पुन्हा लावायचा. लेप पांढराच वाळेपर्यंत हे केलं. काम उघड्यावर, आगीपासून लांब.

मग बसवणं. मॉडेल १२ चा दस्ता एका लांब बोल्टने धरलेला असतो, तो बटप्लेट काढल्यावर आतल्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. बोल्ट ढिला राहिला की प्रत्येक बाराला रिसीव्हर लाकडावर आदळतो, आणि चीर तिथूनच सुरू होते. म्हणून रिसीव्हरच्या मागच्या कडेला काजळी लावून दस्ता दाबून बघितला. डाग फक्त उजव्या बाजूला उमटला, म्हणजे सगळा धक्का तिथेच बसणार होता. धारदार पटाशीने डाग तेवढेच खरवडत गेलो. इथे कानस वापरू नये, कडा गोल होते. शेवटी डाग सगळीकडून सारखा उमटला, तेव्हाच बोल्ट आवळला. वरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात देतोय. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

राहिला फोरएंड, आणि खरी अडचण तीच. त्याच्या भिंती पातळ असल्याने जुने बहुतेक फुटलेलेच मिळतात. तो बंदुकीच्या नळीखालच्या वेगळ्या पोलादी नळीवर सरकवलेला असतो, पुढच्या टोपीला दोन खाचा असतात आणि त्यासाठी दोन दातांचा पान्हा लागतो. पक्कड लावली की खाचा गेल्याच समजा. शिवाय काळ जुळायला हवा: जुने फोरएंड आखूड, गोल, भोवती कड्यांसारख्या खाचांचे, युद्धानंतरचे लांब, खालून चपटे. माझ्या बंदुकीला आखूड गोलच शोभेल.

तोवर फुटलेला फोरएंड पातळ इपॉक्सी भरून, सुतळीने आवळून जोडलाय. काढघाल करून माप बघायला तो पुरतो, पण बार काढायला मी तो वापरणार नाही. अमेरिकेत सुट्या लाकडाला कायद्याने बंदूक धरत नाहीत, क्रमांक असलेला रिसीव्हर म्हणजे बंदूक. त्यामुळे असं लाकूड साध्या टपालाने घरी येतं. कुणाकडे लहान फ्रेमचा गोल फोरएंड पडून असेल, केसाएवढ्या चिरेचाही, तर कळवा. फोटो दोन्ही टोकांचे पाठवा, आणि आतल्या भोकाचा व्यास कॅलिपरने मोजून लिहा.