नंबराआधीचं अक्षर

ब्रिटिशांच्या जुन्या हाँगकाँगात पोलीस शिपाई कुठला हे त्याच्या नंबरावरूनच कळायचं. ए म्हणजे युरोपीय, बी हिंदुस्थानी, सी स्थानिक कँटनी चिनी, डी उत्तरेकडल्या शांतुंग प्रांताचा चिनी आणि ई रशियन. पगार आणि बढतीची वाटही साधारण याच अक्षरांवर ठरे.

एकेक अक्षर वाढलं ते आधीच्यावर विश्वास नव्हता म्हणून. स्थानिक चिनी माणसाला गल्ल्या आणि बोली ठाऊक, पण वेळ आली तर तो आपल्याच लोकांवर दंडुका उगारेल का, ही धास्ती. म्हणून १८६७ मध्ये, आधी सिंध पोलिसात असलेल्या क्रेघ या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने शीख आणले. १९२२ च्या खलाशांच्या संपानंतर कँटनी शिपायांवरचा भरवसा आणखी उडाला, तेव्हा ब्रिटिशांकडे भाडेपट्ट्याने असलेल्या शांतुंगमधल्या वेइहाइवेई बंदरातून शांतुंगी माणसं भरली. चिनी असूनही त्यांना कँटनी बोली परकी, आणि भरतीत नेमकी हीच त्यांची लायकी!

शहराची भाषा न येणारा शिपाई लोकांना सामील होत नाही हे खरं, पण त्याला साधी चौकशीही धड करता येत नाही. गर्दी पांगवणं, वाहतूक, तुरुंगाचा पहारा ही कामं निभतात. खबऱ्या शोधणं, चोरीचा माल हुडकणं, साक्षीदाराला बोलतं करणं हे सगळं चिनी गुप्तपोलिसाकडे जातं, आणि गोरा अधिकारी तो सांगेल तेवढंच कागदावर उतरवतो. शांघायच्या फ्रेंच वसाहतीत चिनी गुप्तपोलिसांचा प्रमुख हुआंग जिनरोंग हाच टोळीचा म्होरक्या होता.

वेगवेगळ्या वंशांचे लोक एकमेकांवर नजर ठेवतील हा हिशेबही फसला. १८९७ मध्ये हाँगकाँगात पोलीसप्रमुख फ्रान्सिस मे यांनी जुगाराच्या अड्ड्यावर छापा घातला, तेव्हा लाच घेणाऱ्यांची यादीच हाती लागली. यादीत गोरे, हिंदुस्थानी, चिनी, सगळेच होते. लाच खायला दुभाषा लागत नाही.

शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीने १८८४ मध्ये शीख शाखा उभारली. कागदावर शीख सगळे एक. बराकीत मात्र माझा आणि माळवा या पंजाबातल्या दोन मुलखांच्या माणसांचे तट. ते सांभाळायला, आणि शिपायांत गदर या ब्रिटिशविरोधी क्रांतिकारी चळवळीचा प्रचार पसरू नये म्हणून, साहेबांची भिस्त जमादार बुद्धा सिंग यांच्यावर. ते स्वतः माझाचे. बराकीत काय शिजतंय ते साहेबाला कळायचं ते याच एका माणसाकडून. एप्रिल १९२७ मध्ये एका शिखानेच त्यांना गोळी घातली. त्याच वर्षी वसाहतीने आपल्या स्वयंसेवक दलात पगारी रशियनांची नवी तुकडी उभी केली.