ठाण्याहून आलेला बग आणि ऐरोलीत अडकलेला पॅच

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, हे ठाण्यातल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीला मात्र ही तारीख वाचता येत नव्हती, आणि हे आमच्या लक्षात आणून दिलं ठाण्याच्याच एका मुलाने.

हॅम्बुर्गला आल्यापासून मी जिचं काम बघते ती लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, पायथन या प्रोग्रामिंग भाषेची आहे. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम आणि पोस्टग्रेस डेटाबेस यांच्यामध्ये ती बसते. प्रोग्रामची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पोस्टग्रेसला कळेल अशा बाइट्समध्ये पाठवायची आणि उत्तरादाखल आलेल्या बाइट्समधून पुन्हा पायथनच्या तारखा, आकडे, मजकूर तयार करून द्यायचा, एवढंच तिचं काम. आठवड्यातला शुक्रवार कंपनी मला या कामासाठी मोकळा देते. लायब्ररी फुकट आहे, कुणीही वापरावी. इथे नवीन होते तेव्हा मला याचंच सगळ्यात जास्त नवल वाटलं होतं: पगार घ्यायचा आणि केलेलं काम जगाला देऊन टाकायचं, आणि ऑफिसात कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

तर तो मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मुंबई-ठाण्याच्या रेल्वेचा इतिहास डेटाबेसात घालत होता. पहिली नोंद अर्थातच १८५३ची. नोंद आत गेली, पण परत वाचायला गेलं की एरर. त्याने इश्यू, म्हणजे आमच्याकडे तक्रारीची नोंद, टाकला आणि पोस्टग्रेसने दिलेलं उत्तर जसंच्या तसं खाली चिकटवलं: १८५३-०४-१६ १५:३०:००+०५:५३:२८.

सगळी गोम त्या शेवटच्या २८ मध्ये होती. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, हे १ जानेवारी १९०६ पासूनचं. त्याआधी शहराशहराची वेळ वेगळी. संगणकांवर टाइमझोनचा जो सामायिक डेटा असतो, त्यात अख्ख्या भारतासाठी कोलकात्याच्या नावाची एकच नोंद आहे, आणि जून १८५४च्या आधीच्या तारखांना तिथे कोलकात्याची स्थानिक वेळ लागते: ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद. १९०५ची तारीख घातलीत तर ५ तास २१ मिनिटं १० सेकंद येतात, ती मद्रासची वेळ. आमच्या लायब्ररीत हा फरक वाचणाऱ्या कोडला तास आणि मिनिटं ठाऊक होती, सेकंद ठाऊक नव्हते. कोड जुना होता. २०१८ मध्ये पायथन ३.७ येईपर्यंत खुद्द पायथनलाच असा सेकंदांचा फरक चालत नसे.

आमच्यातल्या एकाने सुचवलं, सेकंद सोडून द्या आणि जवळचं मिनिट धरा. बऱ्याच लायब्रऱ्यांनी पूर्वी असंच केलं आहे. मला ते पटलं नाही. वाचलेली वेळ कुणी तशीच पुन्हा डेटाबेसात लिहिली, तर ती २८ सेकंदांनी सरकलेली असेल, आणि त्याला पत्ताही लागणार नाही. एरर परवडली, ती निदान दिसते तरी.

मग त्या मुलाने खरा प्रश्न विचारला. "ताई, गाडी मुंबईहून सुटली, मग कोलकात्याची वेळ का? मुंबईची स्वतःची वेळ होती ना?" होती. बॉम्बे टाइम ग्रिनिचच्या साधारण ४ तास ५१ मिनिटं पुढे होता, म्हणजे कोलकात्याच्या तासाभराने मागे. मग लायब्ररीने हे दुरुस्त करावं का? माझं उत्तर ठाम नाही असं होतं. ड्रायव्हरने, म्हणजे आमच्यासारख्या मध्ये बसणाऱ्या लायब्ररीने, स्वतःचं शहाणपण चालवायचं नसतं. सर्व्हरने जे दिलं ते एक सेकंदही इकडचं तिकडे न करता पोचवायचं. ज्याला इतिहास अचूक हवा, त्याने नोंद करतानाच +०४:५१ असं लिहावं. त्याने तसं करून पाहिलं, तर पोस्टग्रेसने तीच गाडी भारतीय टाइमझोनमध्ये ४ वाजून ३२ मिनिटं २८ सेकंदांची दाखवली. तो क्षण एकच, लिहिण्याच्या दोन पद्धती. हे त्याला इतकं आवडलं की दुरुस्तीचा पॅचही त्यानेच पाठवला.

पॅच नेटका होता. मी एकच गोष्ट वाढवायला सांगितली: न्यूयॉर्कची १८८३ पूर्वीची एक तारीख टेस्टमध्ये घाल. तिथला फरक उणे ४ तास ५६ मिनिटं २ सेकंद. उणे चिन्ह तासांना लावलं आणि सेकंदांना लावायचं राहिलं, तर ४ सेकंदांची चूक होते आणि वर्षानुवर्षं कुणाला सापडत नाही. त्याने टेस्ट घातली, ती आधी फेल झाली, मग पास झाली. रिव्ह्यूच्या कामात मला याहून मोठं समाधान कशातच मिळत नाही.

लोकांना वाटतं, लायब्ररी एकदा लिहिली की झालं. पण तिच्या दोन्ही टोकांची जमीन सतत सरकत असते. पायथनची दर वर्षी एक नवी आवृत्ती येते, पोस्टग्रेसचीही. पोस्टग्रेस १० मध्ये, २०१७ साली, पासवर्डची नवी स्क्रॅम पद्धत आली. १४ व्या आवृत्तीपासून वेगळं काही न सांगता तीच लागू होते, आणि जुनी एमडी५ आता मोडीत निघते आहे. ज्या लायब्रऱ्यांना स्क्रॅम येत नव्हतं, त्यांना दारातूनच परत जावं लागलं. क्लायंट-सर्व्हरच्या संभाषणाचा नियम, म्हणजे प्रोटोकॉल, २००३ पासून ३.० वर थांबला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टग्रेस १८ बरोबर ३.२ आला. चालू क्वेरी रद्द करायची किल्ली इतकी वर्षं ४ बाइट्सची होती, ती आता लांबीने कितीही, अगदी २५६ बाइट्सपर्यंत असू शकते. किल्ली ४ बाइट्सचीच असणार असं धरून चाललेला कोड हुडकून काढण्यात आमचे बरेच शुक्रवार गेले.

आणि हे सगळं रहदारी चालू ठेवून करायचं. ठाणेकरांना कोपरीचा पूल आठवत असेल. आधी दोन्ही बाजूंना नवे पूल बांधले, गाड्या तिकडे वळवल्या, मग मधला जुना पाडून नवा केला. आमची रीत तीच. नवं फंक्शन आणायचं, जुनं चालू ठेवून त्यावर सूचना लावायची, लोक वळेपर्यंत थांबायचं, मगच जुनं काढायचं. पायथन आणि पोस्टग्रेस जोडणारी जुनी-जाणती लायब्ररी सायकॉपजी हिनेही तेच केलं. २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती आली, तेव्हा तिचं इम्पोर्टचं नावच वेगळं ठेवलं, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये जुनी आणि नवी दोन्ही शेजारी-शेजारी नांदू शकतात. बदल मोठा होता. आधी क्वेरीत किमती (म्हणजे प्रत्यक्ष आकडे, नावं, तारखा) भरून एकसंध मजकूर सर्व्हरला जायचा, आता क्वेरी वेगळी आणि किमती वेगळ्या जातात. त्यामुळे 'इन' नंतर यादी देण्याची जुनी सवय चालेनाशी झाली, तिथे 'एनी' लिहावं लागतं. हजारो ठिकाणी लिहिलेली ओळ बदलायला सांगायची, तर असाच वेळ द्यावा लागतो.

आता ऐरोलीची गोष्ट, जिच्यासाठी मी मुळात हे लिहायला बसले.

जानेवारीत घरी नौपाड्याला आले होते, तेव्हा शाळेतल्या मैत्रिणीने तिच्या ऑफिसला बोलावलं. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने दिघा गाव, मग ऐरोली. कँटीनमध्ये चहा घेताना ती सहज म्हणाली, "अगं, आम्ही तुझीच लायब्ररी वापरतो. पण आमची वेगळी आहे."

वेगळी म्हणजे? तिने लॅपटॉप उघडला. त्यांच्या टीमने आमची एक जुनी आवृत्ती उचलून स्वतःकडे ठेवली होती आणि तिच्यात दुरुस्ती केली होती. त्यांच्याकडे डेटाबेसच्या पुढे पीजीबाउन्सर आहे. थोडी कनेक्शन्स पुष्कळ जणांत वाटून देणारा हा पूलर. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये तो प्रत्येक ट्रान्झॅक्शनला (एकत्र पार पडणाऱ्या क्वेरींच्या गटाला) हाताशी असेल ते कनेक्शन देतो. मग एका कनेक्शनवर तयार करून ठेवलेलं प्रिपेअर्ड स्टेटमेंट (पुन्हा पुन्हा चालवायची क्वेरी) दुसऱ्यावर सापडत नाही आणि प्रॉडक्शनमध्ये रात्री-अपरात्री एरर येतात. पीजीबाउन्सर १.२१ पासून, म्हणजे २०२३ पासून, तशी सेटिंग असेल तर तो स्वतःच हे सांभाळतो, पण जुनी आवृत्ती चालवणारे कमी नाहीत. आमच्याकडे याच दुखण्याचे इश्यू कितीतरी दिवस उघडे होते.

त्यांच्या टीममधल्या घणसोलीच्या एका मुलीने नाइट शिफ्टमध्ये बसून यावर तोडगा काढला होता, आणि तो फार विचारपूर्वक काढला होता. एरर आली की स्टेटमेंट विसरायचं, नव्याने तयार करायचं आणि क्वेरी पुन्हा चालवायची, इतकं कुणालाही सुचेल. पण प्रत्येक उत्तराच्या शेवटी पोस्टग्रेस एका अक्षरात आपली स्थिती सांगतो: 'आय' म्हणजे मोकळा, 'टी' म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या आत, 'ई' म्हणजे ट्रान्झॅक्शन फसलेलं. फसलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये रोलबॅक होईपर्यंत, म्हणजे ते मागे घेतलं जाईपर्यंत, पुढची प्रत्येक क्वेरी परत येते. म्हणून तिने ते अक्षर बघूनच निर्णय घेतला होता. 'आय' असेल तरच पुन्हा प्रयत्न, नाहीतर एरर सरळ वर जाऊ द्यायची. शिवाय असं का, हे समजावणारी दोन ओळींची टीप.

मी त्या मुलीला विचारलं, हे आम्हाला पाठवलं का नाहीस? ती म्हणाली, "मॅडम, तिथे सगळे मोठे लोक असतात. आपण काय पाठवणार? आणि मॅनेजर म्हणाले, आपलं चालतंय ना, मग कशाला."

हे उत्तर मी नंतर ठाण्यात आणि वाशीत आणखीही लोकांकडून ऐकलं. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. हॅम्बुर्गमध्ये लोक बारीकसारीक गोष्टीसाठी थेट इश्यू टाकतात. प्रस्तावना नाही, माफी नाही, आवृत्ती अमुक, लॉग हा, हे चुकीचं आहे. त्यांचं काम आपल्या माणसांपेक्षा वरचढ असतं असं मुळीच नाही. विचारायला लाजायचं नसतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, इतकंच. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या आसपास ब्रुसेल्सला फॉसडेम हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन भरतं, प्रवेश फुकट असतो. तिथे मोठमोठ्या प्रोजेक्टची माणसं पायऱ्यांवर बसून सँडविच खाताना भेटतात आणि कुणाच्याही शंकेला उत्तर देतात. घणसोलीची ती मुलगी तिथे सहज शोभली असती.

शिवाय स्वतःची प्रत ठेवण्याचा धोका मोठा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची मोठी दुरुस्ती झाली. सिम्पल मोडमध्ये क्वेरीत किंमत भरायच्या जागेच्या आधी वजाचं चिन्ह असेल आणि तिथे उणे आकडा भरला गेला, तर दोन वजा एकापुढे एक येतात. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरीच्या भाषेत, त्याचा अर्थ त्या ओळीचा उरलेला भाग टिप्पणी. तेवढ्या फटीतून दुसऱ्याची क्वेरी आत घुसवता येत होती. ज्यांनी नवी आवृत्ती घेतली ते सुटले. ज्यांनी वर्षांपूर्वीची प्रत स्वतःच्या दुरुस्त्यांसकट गोठवून ठेवली होती, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती आपोआप कशी पोचणार?

मैत्रिणीने मनावर घेतलं. कंपनीची लेखी परवानगी काढली, त्याला वेळ लागला. कोडमधली कंपनीची नावं, सर्व्हरचे पत्ते पुसून काढले. पॅच तीन लहान तुकड्यांत पाठवला, कारण एवढा मोठा बदल एकदम रिव्ह्यू करायला कुणी धजत नाही. तो आता रिलीजमध्ये आहे, लेखिकेच्या नावासह, आणि ऐरोलीच्या टीमने आपली वेगळी प्रत काढून टाकली आहे.

आम्हाला माणसं हवी आहेत, आणि याचं कारण गंभीर आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत कुणीतरी चोरवाट घातलेली सापडली. तिची देखभाल करणारा मेंटेनर एकटा होता, थकलेला होता, आणि खोट्या नावाच्या एका माणसाने दोन-अडीच वर्षं मदत करत त्याचा विश्वास मिळवला होता. ती सापडली पोस्टग्रेसच्याच एका डेव्हलपरला, आंद्रेस फ्रॉइंडला, कारण एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे त्याला खटकलं. तेव्हापासून आमच्याकडे एकट्याच्या भरवशावर काही सोडायचं नाही असं ठरलं आहे. पैसा थोडाफार येऊ लागला आहे. जर्मनीत २०२२ पासून सरकारी सॉव्हरिन टेक फंड आहे, भारतात झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड सुरू केला. पण पैशाने रिव्ह्यू करणारी नजर लगेच तयार होत नाही. ती पॅच पाठवत, टेस्ट फेल करत, वाद घालतच तयार होते.

म्हणून एक विनंती. पुढच्या रिलीजमध्ये आम्ही पायथन ३.९ सोडायच्या विचारात आहोत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा अधिकृत आधार संपला. ठाणे, ऐरोली, महापे, वाशी, कुठेही तुमचे सर्व्हर अजून ३.९ वर असतील, तर आत्ताच इश्यू टाकून सांगा: कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, किती दिवस लागतील, कशामुळे अडलंय. इंग्रजीत जमत नसेल तर मराठीत लिहा, मी वाचते, उत्तरही मराठीत देईन. पुरेशी कारणं आली तर आणखी एक रिलीज थांबायला माझी तयारी आहे, आणि बाकीच्यांना ते पटवून द्यायला मला तुमचेच आकडे लागतील.