आखाजीच्या दुसऱ्या दिवशी

काल आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया झाली. आईने घागर भरली, वर डांगर आणि आंबे ठेवले, आजोबांचं नाव घेतलं. पुरणपोळी आणि आमरसाचं पान आधी पितरांना गेलं, मग आम्ही जेवलो. ऊन कलायच्या आतच गल्लीतल्या माहेरवाशिणी लिंबाला बांधलेल्या झोक्यांवर चढल्या, गाणी सुरू झाली. पितरांचा दिवस आणि झोक्यांचा दिवस आमच्याकडे एकच. मी जी फिल्म करतोय तिचं बीज इथलंच आहे, हे काल लख्ख कळलं.

शेवटच्या वर्षाच्या अ‍ॅनिमेशन फिल्मसाठी मी ‘मरणातलं सौंदर्य’ असा विषय लिहून दिला, तेव्हा सरांनी विचारलं होतं, “म्हणजे दाखवणार काय?” मी म्हटलं, केळी.

जळगावकडच्या आमच्या केळीच्या पट्ट्यात, यावल-रावेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण जिला केळीचं खोड म्हणतो ती पानांच्या तळांची एकावर एक गच्च गुंडाळी असते. खरं खोड म्हणजे खाली मातीत असलेला कंद. पानं काढणारा कोंब एकदा फुलाचा होतो, त्या गुंडाळीतून वर चढतो आणि केळ निसवते, म्हणजे तिचं केळफूल बाहेर पडतं. फुटायची पानं तोवर फुटून झालेली असतात, नवं पान पुन्हा येत नाही. मरणाची सुरुवात होते ती निसवणीपासून, आणि सगळ्या बागेत आनंद असतो तोही निसवणीचाच. घड कापला तरी बाबा झाड लगेच आडवं करत नाहीत. “राहू दे उभं, पिलाला लागतं ते,” म्हणतात. त्या उभ्या झाडातलं पाणी, अन्न पुढचे कितीतरी दिवस बुडाशी वाढणाऱ्या पिलाकडे उतरत राहतं. मला दाखवायचं आहे ते हे उतरणं.

आज दिवसभर खालच्या एका पानावर काम केलं. आधी कड पिवळी पडते, मग पिवळा रंग शिरेकडे सरकतो, त्याच्यामागून तपकिरी येतो. देठ मोडून पान खोडाला चिकटून लोंबतं. पण मोडल्या जागी बराच काळ हिरवी शीर टिकते. हे पाहायला सकाळी बागेत बसलो होतो. कापलेल्या दांड्यातून पाण्यासारखा चीक गळत होता. तो शर्टावर पडला, आणि घरी येईपर्यंत त्याचा तपकिरी डाग झाला. आई म्हणाली, आता हा शर्ट बागेतच घाल. तो रंग मी फिल्ममध्ये सुकलेल्या पानांसाठी घेतला आहे.

तांत्रिक बाजू लिहून ठेवतो, कारण फिल्मचा अर्थ तिच्यात आहे. सेकंदाला २४ फ्रेम, दोन फ्रेमना एक चित्र, म्हणजे १२ चित्रं. चार मिनिटांची २८८०. एकच चित्र पडद्यावर धरून ठेवलं की ते निर्जीव दिसायला लागतं. म्हणून काही हलत नसलं तरी तेच चित्र दोन-तीनदा पुन्हा गिरवतात आणि आलटून पालटून फिरवतात. रेषा किंचित थरथरते, बघणाऱ्याला तिथे जीव जाणवतो. माझ्या केळीचा प्रत्येक भाग असाच थरथरतो. मग एकेका पानाची रेषा मी गिरवायची थांबवतो. बाकीचं झाड जिवंत, ते पान स्तब्ध. पुढे खोडाची रेषाही थांबते, आणि तोवर पिलाची रेषा जास्त जोरकस झालेली असते. हे जमलं की संगीताची गरज उरणार नाही. वाळल्या पानांची सळसळ मी बागेतच मोबाईलवर रेकॉर्ड केली आहे, तेवढी पुरे.

पण एक गोष्ट आठवडाभर सोडत नाहीये. प्रत्येक मरण सुंदर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पावसाळ्याआधीचं वादळ येतं, तेव्हा निसवलेली बाग अर्ध्या तासात भुईसपाट होते. घड कोवळे, झाडं हिरवी, आणि बांधावर उभा असलेला माणूस काही बोलत नाही. आमच्या गावानं हे पाहिलंय, बाबांनीही. तिथे सौंदर्य शोधायला गेलो तर मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकणार नाही. फळ देऊन, वेळ होऊन, हळूहळू जाणं मला सुंदर वाटतं. मी तेवढ्याच मरणाबद्दल बोलू शकतो.

म्हणून वादळाचा एक शॉट घालायचं ठरवलं आहे, फिल्मच्या मध्यावर. त्यात पिलं दाखवायची नाहीत. पडलेल्या झाडांची रेषाही थांबवायची नाही. ती आडवी पडूनही थरथरत राहतील, कारण त्यांचं जगायचं राहून गेलेलं असतं. सरांना हा शॉट विषयाच्या विरुद्ध वाटेल, काढून टाक म्हणतील. मला तो विषयाचाच भाग वाटतो. उद्या फोन करून त्यांना तसं सांगणार आहे.