दांडी ब्रेकची काळी सायकल : मागचा ब्रेक अखेर लागला

आजोबांच्या चोवीस इंची सायकलवर चौथा रविवार गेला. रंग, मडगार्ड, चेनकव्हर अजून तसंच आहे, कारण दांडी ब्रेक (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा) नीट झाल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिल्या दोन रविवारी मी चुकीच्या जागी घाम गाळला. मागचा ब्रेक अर्धा दाबूनही सायकल पळतच राहायची, म्हणून दोनदा रबरं बदलली. फरक शून्य. तिसऱ्या रविवारी सायकल स्टँडवर घेतली, एका हाताने लिव्हर हळूहळू दाबला आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवत गेलो. तेव्हा कळलं. हँडलखालून निघालेली दांडी वळून फ्रेमच्या कडेने खाली येते, पेडलच्या एक्सलपाशी पुन्हा वळते आणि मग रबरं धरणारा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा स्टिरप पुढे ओढते. वाटेतल्या प्रत्येक पिनचं भोक झिजून लांबट झालंय. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी ढिलाई, आणि लिव्हरचा निम्मा प्रवास तिथेच संपतो. सगळ्यात खालच्या दोन पिना काढून तिथे बोल्ट, पितळी वॉशर आणि डबल नट टाकले. हाताला एकदम घट्टपणा जाणवला!

आता ज्यांच्याकडे अशी सायकल आहे त्यांनी हे लक्षात ठेवाच : आधी चेन, मग ब्रेक. चेन ताणायला मागचं चाक मागे सरकवलं की रिमही मागे येते. दांडी ब्रेकची रबरं रिमच्या आतल्या बाजूला, हबकडून (चाकाच्या मध्याकडून) टेकतात. त्यामुळे रिम थेट रबरांवर येऊन बसते आणि चाक घासायला लागतं. मी ब्रेक लावून झाल्यावर चेन ताणली आणि सगळं पुन्हा केलं. त्यात दुपार गेली.

चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढतानाही इथे गणित वेगळं आहे. चाक थोडं डावी-उजवीकडे डोललं तर फारसं बिघडत नाही, पण वरखाली उडी असेल तर ब्रेक दर फेरीला हिसका देतो. माझ्या चाकाला व्हॉल्व्हजवळ अशी उडी होती. तिथल्या तारा थोड्या थोड्या करत आवळल्या. मग रबर आणि रिममध्ये दोन नाणी एकावर एक ठेवून तेवढी फट राखली आणि दांडीचा नट आवळला.

रबर बसवताना गुटख्याची (रबर ज्यात बसतं त्या धातूच्या खोबणीची) बंद बाजू चाक धावतं त्या दिशेला हवी. पुढच्या चाकात, चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या फोर्कच्या) वरच्या टोकाशी, रिम पुढे धावते, म्हणून बंद तोंड पुढे. उलटं बसलं तर ब्रेक मारल्यावर रबर सरकून बाहेर पडेल. रिम मी साबणाच्या पाण्याने धुतली. गंज सोडवायला वापरलेलं रॉकेल तिथे राहिलं तर रबर पकडत नाही.

आज कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या कडेने फेरी मारली. दरवेळच्या त्याच खांबापासून ब्रेक मारला. थांबायला आधी चौदा पावलं लागायची, आज नऊ. हे कोरड्या रस्त्यावर. क्रोमची रिम भिजली की रबर घसरतंच, त्यामुळे पावसात मी ही सायकल काढणार नाही.

पुढच्या रविवारी पुढचा स्टिरप. त्याचा उजवा गाइड (स्टिरपला जागेवर ठेवणारा तुकडा) चिमट्याला घासतोय.