आटे नंतर, आधी मान बघा

दाताचा एक इम्प्लांट स्वस्त आणि दुसरा महाग का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी म्हणतंच, "डॉक्टरसाहेब, दोन्ही टायटॅनियमचेच स्क्रू, मग एक एवढा महाग काहून?"

मी ड्रॉवरमधून दोन इम्प्लांट काढून हातावर ठेवतो. सगळे आटेच बघतात. मी सांगतो, मान बघा, म्हणजे आट्यांच्या वरचा भाग.

जबड्याच्या हाडात बसतो तो इम्प्लांट, त्यावर अबटमेंट, म्हणजे कॅप धरून ठेवणारा खुंट, आणि त्यावर दाताची कॅप. पहिल्या दोघांच्या सांध्यात केसाहून बारीक फट राहते. जंतूंना तेवढी जागा पुष्कळ झाली. त्यातून सांधा सपाट असला, की चावताना अबटमेंट किंचित हलतं. हिरडी आतून सुजत राहते आणि हाड त्या फटीपासून लांब सरकतं, बरेचदा पहिल्या आट्यापर्यंत. आम्ही शिकलो तेव्हा पहिल्या वर्षी दीड मिलिमीटर हाड जाणं म्हणजे चालायचंच. १९८६ साली आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी इम्प्लांट यशस्वी कधी म्हणायचा याचे जे निकष मांडले, त्यांत वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झिजेची अट होती, पण तीही पहिलं वर्ष सरल्यावरची.

पुढची गोष्ट अपघातानंच कळली. १९९० नंतर रुंद इम्प्लांट आले, पण त्या मापाचे अबटमेंटच नव्हते. मग हाताशी होते ते अरुंद अबटमेंट बसवून लोकांनी वेळ निभावली. काही वर्षांनी एक्स-रे पाहिले, तर हाड फारसं उतरलेलंच नाही! सांधा कडेपासून आत गेल्यामुळे फट हाडापासून लांब पडली होती. आता हे मुद्दाम करतात. शिवाय सांधा निमुळता ठेवतात, जुन्या अत्तराच्या कुपीला काचेचं बूच घट्ट बसतं तसा.

महाल भागातल्या एका काकूंच्या तोंडात माझ्या हातचे दोन्ही प्रकार आहेत. डावीकडचा मी नवखा असताना, स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला, सपाट सांध्याचा. त्यांच्या एक्स-रेत डावीकडे मानेभोवती बशीसारखा काळा खड्डा दिसतो, दोन आटे उघडे. उजवीकडे हाड थेट कडेला टेकलेलं. ब्रश दोन्हीकडे सारखाच फिरतो. त्या बशीकडे बघताना मला अजून ओशाळल्यासारखं होतं. काकू मात्र म्हणतात, "चावता तर दोन्हींनी येतं जी."

तरी महागातला प्रत्येक इम्प्लांट चांगलाच, असं मी म्हणणार नाही. हिरडी पातळ असेल तर उत्तम मानेभोवतीही हाड उतरतं. साखर वाढलेली असेल, सफाई होत नसेल, तरी तेच.

गेल्या आठवड्यात एक भाऊ आले. सगळं नीट ऐकून घेतलं, दोन्ही स्क्रू उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "ठरलं, मले महागातलाच लावा." हसले तेव्हा दात लालभडक दिसले. म्हटलं, लावू, पण आधी खिशातली ती तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी टेबलावर ठेवा.