पेरणीतून जाणारी पालखी

संत एकनाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून पंढरपूरला निघते. सुरुवातीला गोदाकाठचा ऊस आणि मोसंबीच्या बागा सोबतीला असतात. बीड जिल्ह्यातलं रायमोह आलं की ते सगळं मागं राहतं आणि पाटोद्यापर्यंत बालाघाटाची कोरडवाहू रानं लागतात. कापूस, तूर, बाजरी, उडीद. सावलीला कुठं बाभळ, कुठं लिंब. आख्ख्या वाटेत मला हाच टप्पा सगळ्यात जवळचा.

मृग सरून बहुतेक वेळा आर्द्रा लागलेल्या असतात. पाऊस झाला असेल तर दोन्ही अंगाला पेरणीच्या तिफणी चालतात, नसेल तर कुळवाची पाळी घातलेली रानं नुसतीच तयार पडून. दिंडी दिसली की तिफण थांबते. चाड्यावर बी सोडणारी बाई ओटीतलं बियाणं सावरत बांधावर येते, पादुकांना हात जोडते आणि लगेच विचारते, "माउली, तिकडं पाऊस कसाय?"

हा प्रश्न बांधाबांधावर येतो. दिंडीत बहुतेक शेतकरीच, त्यामुळं उत्तरही नेमकं मिळतं. कुठं ढेकळं फुटली, कुठं नुसता शिंतोडा आला, कुठं पावसाआधी कोरड्यातच धूळपेर केलेली सरकी अजून उगवली नाही. टाळ वाजत असतात, 'भानुदास-एकनाथ'चा गजर चालू असतो आणि पावसाची खबर या गावाची त्या गावाला पोचत असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. आमच्या दिंडीतले तात्या बांधाकडेची माती उकरून बघतात नि म्हणतात, "वरवरची ओल हाय. दमानं घ्या." दुबार पेरणी काय असते, ते त्यांनी सोसलंय.

माझ्या पुढं चालणाऱ्या मावशी ऊसतोडीला जाणाऱ्या. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर, परत येईपर्यंत उन्हाळा. घरी राहायला मिळतं ते हेच महिने, आणि त्यातूनच त्या वारीचे दिवस काढतात. मी विचारलं, "मावशी, रान कोण पेरणार?"

"दीर हाय की. पाऊस तर येऊ दे." डोक्यावरची तुळस नीट करून त्या पुढं झाल्या. या बायांपुढं माझं माथं आपोआप लवतं.

या डोंगराळ पाटोदा तालुक्यातच मांजरा आणि सिंदफणा उगम पावतात, दोघी जातात गोदावरीकडं. इथलीच विंचरणा मात्र सीनेला मिळते आणि सीना भीमेला. नाथांच्या गोदेचं खोरं सोडून विठ्ठलाच्या भीमेकडं आपण इथूनच वळतो, हे ध्यानात आलं तेव्हा चढाचा शीण कुठल्या कुठं गेला.

पाटोद्याच्या मुक्कामी कीर्तन चालू असताना पाऊस आला, चांगला तासभर. मांडव गळायला लागला तरी कुणी उठलं नाही. कीर्तन संपलं आणि जो तो फोन लावत सुटला. मावशी दिराला मोठ्यानं सांगत होत्या, "इथं आलाय, तिथं आला का? आन् आला तरी वाफसा होऊ दे आधी, रान जरा सुकू दे, लगेच तिफण घालू नको."