आधी पिंजरा, मग शॅमेलिऑन: मुलुंडमधल्या तयारीची नोंद

एप्रिल: काय आणायचं, कुठून आणायचं

आपल्याकडचा देशी सरडगुहिरा, म्हणजे इथलाच शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा), वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पाळणं, विकत घेणं, गावाहून डब्यात घालून आणणं, सगळं बेकायदा आहे. कुणाला सापडला तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि त्याला मारायला धावणाऱ्यांना आवरा. तो विषारी नसतो, त्याच्याबद्दल काहीही ऐकलेलं असलं तरी. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण 'गावाला झाडावर मिळतो की, पैसे कशाला घालवतोस' हा सल्ला घरातूनच आला होता.

म्हणून वेल्ड शॅमेलिऑन. मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या डोंगरांतला, डोक्यावर उंच तुरा असलेला. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन रंगाने जास्त देखणा आहे यात वाद नाही, पण पहिल्या खेपेला वेल्ड काटक. दोन्ही साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहेत, म्हणजे 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत. 2024 च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आला की 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करायचा. देणाऱ्याकडे स्वतःच्या नोंदणीचे कागद नसतील तर किंमत कितीही कमी सांगो, तिथून उठायचं. माझं बोलणं झालंय ते घरी पैदास करणाऱ्या एका पाळकाशी, कागद बघून.

नरच घेणार. वेल्डची मादी नराशिवायही अंडी घालते, एका वेळी डझनांनी, आणि अंडी अडली तर जिवावर बेततं. पहिल्याच प्राण्याला हे नको. नर ओळखायला सोपा: मागच्या पायाच्या टाचेवर बारीक खुंटी असते, अगदी पिल्लू असल्यापासून. आणि एकच आणायचा. दुसरा शॅमेलिऑन नुसता समोर दिसत राहिला तरी त्याला ताण येतो. जोडी शोभून दिसेल वगैरे विचार पोपटवाल्यांसाठी ठेवा.

मे: पिंजरा

बाहेरून तयार पिंजरा मागवला तर भाड्यातच निम्मे पैसे जातात. त्याऐवजी स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडे गेलो. माप दिलं: दोन फूट बाय दोन फूट, उंची चार फूट. त्याने माप लिहून घेतलं आणि विचारलं, "कबूतर के लिए है क्या?" सरडा म्हटल्यावर त्याने अ‍ॅडव्हान्स पूर्ण मागितला.

चौकट पावडर कोटिंगच्या अ‍ॅल्युमिनियमची, कारण मुंबईत लोखंडाला किती दिवसांत गंज चढतो ते तुमच्या खिडकीच्या ग्रिलला विचारा. जाळी 304 स्टीलची, नागदेवी स्ट्रीटवरून. मच्छरदाणीची फायबर जाळी स्वस्त पडते, पण रातकिडे ती कुरतडून बाहेर येतात. मागच्या बाजूला जाळीऐवजी पीव्हीसी फोम शीट लावली. फवाऱ्याचं पाणी भिंतीवर गेलं तर पावसाळ्यात पापुद्रे सुटायला वेळ लागत नाही. शिवाय पाठ झाकलेली असली की प्राण्यालाही सुरक्षित वाटतं. समोर दोन दारं, वरचं मोठं आणि खाली साफसफाईसाठी छोटं.

पिंजरा दोन फुटी टेबलावर ठेवलाय. शॅमेलिऑनला वरून वाकून बघणारा प्रत्येक जण शिकारी वाटतो. आपल्या डोळ्यांपेक्षा उंच फांदी मिळाली की तो निवांत असतो.

फांद्या फुकट मिळाल्या. पावसाळ्याआधी झाडांची छाटणी होते तेव्हा सोसायटीसमोर ढीग पडतो, त्यातून पेरूच्या उचलल्या. घासून धुतल्या, गच्चीत कडक उन्हात वाळवल्या. कण्हेर, रुई, चाफा, म्हणजे चीक येणारं काहीही नको. जाडी पेन्सिलीपासून अंगठ्यापर्यंत मिसळून घेतली, कारण त्याचा पंजा चिमट्यासारखा पकडतो आणि सगळीकडे एकच जाडी असेल तर पावलांना त्रास होतो. आडव्या फांद्या जास्त, उभ्या कमी.

झाडं: मनी प्लांट, जास्वंद, शेफ्लेरा. वेल्ड पानं खातो, जास्वंदीची फुलं तर आवडीने, म्हणून डायफेनबेकियासारखं विषारी काही जवळही आणलं नाही. नर्सरीतून आलेल्या रोपाची सगळी माती झटकून नवी भरली, पानं धुतली आणि रोपं बराच काळ बाल्कनीत ठेवली. नर्सरीत कोणतं औषध मारलंय हे माळ्यालाही नीट सांगता येत नाही.

मे अखेर: दिवे

इथे काटकसर नाही. दोन फुटी टी-5 हाय आउटपुट यूव्हीबी नळी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूबलाइट, सहा टक्क्यांची. गोल वळणाच्या सीएफएलसारख्या दिसणाऱ्या यूव्हीबी दिव्याने एवढ्या उंच पिंजऱ्यात काही साधत नाही. यूव्हीबीशिवाय ड जीवनसत्त्व बनत नाही, ते नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि हाडं मऊ पडून पाय वाकतात. बाल्कनीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही. काच यूव्हीबी अडवते. जाळीही बराच भाग खाते, म्हणून वरची फांदी नळीपासून किती खाली हे मोजूनच ठरवलं. एका मित्राकडून यूव्ही इंडेक्स मोजायचा मीटर उसना आणला आणि बसायच्या जागेवर आकडा 3 च्या आसपास येईपर्यंत फांदी वरखाली केली. नळी उजळ दिसत असली तरी तिची यूव्हीबी हळूहळू उतरते, त्यामुळे तारीख मार्करने तिच्या टोकावर लिहून ठेवलीय.

ऊबेसाठी साधा 50 वॅटचा हॅलोजन, लोहार चाळीतून आणलेला, डिमरवर. बसायच्या जागी 29-30 अंश हवेत, पिल्लाला त्याहून किंचित कमीच. मेमध्ये माझ्या खोलीचंच तापमान 33 होतं, तेव्हा हॅलोजन लावायची वेळच आली नाही. रात्री सगळं बंद, पूर्ण अंधार. लाल-निळे 'नाइट बल्ब' दुकानदार आग्रहाने दाखवतात, पण त्यांचा काही उपयोग नाही.

पाऊस लागल्यावर

आता खरा मुद्दा. परदेशी पाळकांची जी माहिती वाचायला मिळते, तिच्यात निम्मी शक्ती पिंजरा ओला कसा राहील यावर खर्च झालेली असते. त्यांच्याकडे हीटर चालतात, हवा कोरडी. आपल्याकडे जुलैत आर्द्रता 85-90 टक्के आणि रात्रीचं तापमान 25-26. इथली सगळी मेहनत पिंजरा वाळवण्याची आहे.

येमेनच्या त्या डोंगरांत रात्री गार असतात, पहाटे धुकं येतं, दिवसा ऊन पडून सगळं सुकतं. गार आणि ओलं त्याला मानवतं. गरम, ओलं आणि कोंदट यातून श्वसनाचे आजार होतात, आणि शॅमेलिऑन आजार दाखवतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून प्राणी आणण्याआधी पिंजरा अख्खा पावसाळा रिकामा चालवायचा ठरवलं. वर एक आणि खाली एक असे दोन आर्द्रतामापक अडकवले. घरच्यांना वाटलं, रिकाम्या पिंजऱ्यात पाऊस पाडणारा मुलगा हाताबाहेर गेला.

फवाऱ्याची यंत्रणा आरओच्या सुट्या भागांतून उभी राहिली: 24 व्होल्टचा बूस्टर पंप, त्याचा अ‍ॅडाप्टर, पाव इंची पांढरी नळी, आणि गच्चीवरच्या बागेसाठी मिळतात ते पितळी नोझल. हे सगळं आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतं. टायमर एका मिनिटापेक्षा कमी घेत नाही, पण आपल्याला दोन मिनिटं हवीच असतात. तलावाचं पाणी मऊ असल्याने नोझल चोंदले नाहीत. ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं येतं त्यांनी आरओचंच पाणी भरावं.

जूनमध्ये पहाटे आणि संध्याकाळी असे दोन फवारे होते. जुलैत सकाळचं पाणी दुपारपर्यंत पानांवरून हटेना. संध्याकाळचा फवारा बंद केला. मग लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा आणून पिंजऱ्याच्या बाहेर, खालच्या अंगाला लावला, प्राण्यावर झोत न येता खोलीतली हवा आत हलत राहील असा. आता दिवे लागल्यावर तास-दीड तासात पानं कोरडी होतात. माझ्या मते मुंबईत ही एकच चाचणी महत्त्वाची आहे. मापकावरच्या आकड्यापेक्षा पानाला बोट लावून बघा.

हवा कितीही दमट असली तरी प्यायला पाणी लागतंच, आणि शॅमेलिऑन वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरून ओघळणारा थेंब दिसला तरच जीभ लावतो. त्यासाठी औषधाच्या दुकानातून सलाइनचा सेट आणला. बाटली वर टांगली, नळी जास्वंदीच्या पानावर, चाकाने थेंबांचा वेग धरला. दुपारी थोडा वेळ सोडायचा. प्राणी पुरेसं पाणी पितोय का ते विष्ठेसोबतच्या युरेटवरून, म्हणजे घट्ट मूत्रावरून, कळतं: पांढरं असेल तर ठीक, पिवळं-नारिंगी दिसायला लागलं तर पाणी कमी पडतंय.

गळणारं पाणी खालच्या ट्रेमधून नळीने झाकणाच्या बादलीत जातं. झाकण महत्त्वाचं. पावसाळ्यात महापालिकेचे लोक डेंग्यूच्या अळ्या शोधत घरात येतात आणि कुंडीखालची ताटलीसुद्धा उचलून बघतात. त्याच कारणाने मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या नाहीत. पायांना व्हॅसलिनचा जाड पट्टा लावला. धुराची फवारणी करणारी गाडी गल्लीत आली की खिडक्या बंद, आणि सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलची तारीख मी आता चेअरमनकाकांकडून आधीच विचारून घेतो. डासांचं लिक्विड या खोलीतून कायमचं हद्दपार.

किड्यांची शेती

प्राण्याच्या आधी त्याचं जेवण घरात स्थिर झालं पाहिजे. अरोवाना मासे पाळणाऱ्यांमुळे सुपरवर्म आणि रातकिडे मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात, पण आठवडेच्या आठवडे मिळत नाहीत असंही होतं. म्हणून दोन मोठे प्लास्टिकचे डबे, झाकणाला स्टीलची जाळी, आत अंडीवाल्याकडचे पुठ्ठ्याचे ट्रे. अंडी घालायला ओलसर कोकोपीटची वाटी. मुंबईची ऊब इथे मात्र फुकटात कामी येते, अंडी हीटरशिवाय फुटतात. दमटपणाने मात्र डबा कुजतो आणि किडे पटापट मरतात, म्हणून पाण्याऐवजी गाजराचे काप.

खाऊ म्हणून शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर. शेवग्यात कॅल्शियम भरपूर. पालक टाळतो, त्यातली ऑक्झलेट्स कॅल्शियम अडकवतात. किड्याने जे खाल्लं तेच शेवटी शॅमेलिऑनच्या पोटात जातं. वर साध्या कॅल्शियमची भुकटी रोजच्या किड्यांवर, ड-3 असलेली महिन्यातून दोनदाच. जास्त ड-3 सुद्धा घातक.

नर रातकिडे रात्रभर कर्कश वाजवतात. आई म्हणाली, "आजोळी झोपल्यासारखं वाटतं रे, पण मला आजोळी जायचं तेव्हा मी तिकीट काढून जाईन." डबे आता बाल्कनीच्या कपाटात आहेत. तिथे घरातल्या पालींनी एक झाकण सरकवलं होतं, तेव्हापासून क्लिप लावलीय. पालीने तोंड घातलेले किडे शॅमेलिऑनला देऊ नयेत, परजीवी येतात.

बाल्कनीतल्या खताच्या डब्यात ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या आपोआप झाल्यात. कॅल्शियमच्या बाबतीत त्या रातकिड्यांपेक्षा कितीतरी सरस. पण घरच्या कचऱ्यावर वाढलेल्या अळ्या देणार नाही. त्यांच्या पुढच्या पिढीला वेगळ्या डब्यात धुतलेल्या भाजीच्या देठांवर वाढवतोय.

गणपतीनंतर

गणपतीत घरात धूप, अगरबत्ती, आरतीला चाळीस माणसं. तेव्हा पिंजरा रिकामा होता हे बरंच. पुढच्या वर्षी त्या खोलीचं दार बंद राहील, आणि पाहुण्यांना सरडा दाखवायचा नाही हे बाबांनी मान्य केलंय. तोंडी.

रात्रीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. वेल्डला रात्री 20 च्या खाली गेलेलं आवडतं. एसी 24 वर ठेवला, झोत पिंजऱ्याकडे येणार नाही असा वळवला, तर तापमान थोडं उतरतं पण हवा कोरडी होऊन आर्द्रता पंचावन्नावर येते. फॉगर घेतलाय खरा, पण 24 अंशांत रात्रभर धुकं सोडणं म्हणजे पुन्हा तेच गरम-ओलं. तो कपाटात आहे आणि रात्री 18-20 पर्यंत उतरेपर्यंत तिथेच राहील. तोवर पहाटेचा एक फवारा पुरे.

ऑक्टोबर हीटमध्ये नवा प्राणी आणणार नाही. पाळकाशी नोव्हेंबरअखेरचं ठरलंय. तोवर पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होईल. मुंबईचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने त्याला सगळ्यात सोयीचे, म्हणजे एप्रिल यायच्या आत त्याला रुळायला वेळ मिळेल. परदेशी प्राणी बघणारे डॉक्टर शोधून ठेवलेत, पहिली विष्ठा तपासणी त्यांच्याकडेच. वजनासाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणलाय.

राहिलं एवढंच: बूस्टर पंप सुरू झाला की टेबल थरथरतं आणि तो कंप फांद्यांपर्यंत पोचतो. खाली रबरी चटई घालून पाहिली, थोडाच फरक पडला. आता पंप भिंतीला वेगळ्या ब्रॅकेटवर टांगून बघणार आहे. कुणी हे आधी केलं असेल तर नळीची लांबी किती ठेवली आणि दाब उतरला का, तेवढं सांगा.